ठोका, दार आणि हिशेब : संगणकाच्या गाभ्यातील घड्याळांची व्यवस्था



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर इतिहास, वाङ्मय, संगीत आणि शिक्षण या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी भाषणे केली. त्या परंपरेत आज मी जो विषय घेऊन उभा आहे तो काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत, आणि 'उत्तरापुढे एकक नसेल तर ते उत्तरच नव्हे' असा त्यांचा दंडक होता. माझ्या आजच्या विषयात एककाची हेळसांड झाली की यंत्रे बंद पडतात, आणि कधी बंद न पडता खोटे बोलू लागतात. म्हणून हा विषय त्यांना परका वाटला नसता, असे मला वाटते.

प्रारंभी शब्दांविषयी थोडेसे. बडोद्यात परिभाषेचा प्रश्न निघाला की श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सिद्ध करवून घेतलेल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'शासन-शब्दकल्पतरू'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. कारभाराच्या इंग्रजी शब्दांना देशी भाषांत प्रतिशब्द मिळावेत यासाठी एवढा प्रचंड उद्योग या नगरीत झाला. संगणकाच्या बाबतीत तेवढा धीर आपण धरला नाही. लिनक्स या कार्यप्रणालीच्या मध्यभागाला 'कर्नल' म्हणतात. पण मराठीत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे फौजेतला अधिकारी उभा राहतो. म्हणून मी 'गाभा' म्हणणार आहे. 'ड्रायव्हर' हा शब्द मात्र तसाच ठेवतो. कोणत्याही एका उपकरणाशी, म्हणजे पडदा, ध्वनियंत्र, तारेचा संपर्क यांच्याशी बोलण्याचे काम गाभ्यातील ज्या लहानशा प्रोग्रॅमकडे असते, तो ड्रायव्हर.

आता घड्याळ. हे वेळ सांगणारे घड्याळ नव्हे. शाळेच्या पटांगणावर लेझमीचे पथक उभे असते तेव्हा हलगीचा ठोका किती वाजले ते सांगत नाही. पुढचे पाऊल केव्हा टाकायचे ते सांगतो. चिपमधील घड्याळ म्हणजे असा ठोका. एका क्वार्ट्झ स्फटिकापासून तो निघतो. मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. मोबाइलमध्ये किंवा कारखान्यातील नियंत्रकात असणाऱ्या चिपला जोडलेला स्फटिक पुष्कळदा २४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख ठोक्यांचा असतो. हा ठोका 'पीएलएल' नावाच्या मंडलात शिरून कित्येक पटींनी वाढतो, पुढे विभाजकांतून उतरून कमी होतो, आणि वाटेत ठिकठिकाणी दारे असतात. दार उघडे असेल तर ठोका पुढे जातो, बंद असेल तर अडतो. काही ठिकाणी दोन वाटांपैकी एक निवडण्याची सोय असते.

ज्यांनी पाटबंधाऱ्याचे काम पाहिले असेल त्यांना हे चित्र सहज उमजेल. धरण, मुख्य कालवा, त्याला फुटलेल्या वितरिका, त्यांवरच्या चाऱ्या, आणि प्रत्येक चारीच्या तोंडाशी दार. एका चिपमध्ये अशी शेकडो दारे असू शकतात.

दारे कशासाठी? वीज वाचविण्यासाठी. प्रत्येक ठोक्याला चिपमधील सूक्ष्म तारांत भार भरला जातो आणि रिता होतो. यात खर्ची पडणारी शक्ती धारिता, विद्युत्दाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र जरूर मांडून पाहावे. उपकरण काही काम करीत नसले तरी त्याच्यापर्यंत ठोका पोचत असेल तर वीज जळतच राहते. कोरड्या पडीक जमिनीवर पाणी सोडून ठेवावे तसे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात ही उधळपट्टी परवडत नाही.

आता प्रश्न असा, की दार उघडायचे कोणी आणि मिटायचे कोणी? उपकरण कधी लागणार हे ड्रायव्हरला ठाऊक असते. पण दार त्याच्या एकट्याच्या मालकीचे नसते. त्याच चारीवर दुसऱ्याचेही शेत असते. माझे भिजले म्हणून मी दार पाडले तर शेजाऱ्याचे उभे पीक वाळेल. गावात यासाठी पाटकरी असतो. लिनक्सच्या गाभ्यात हे काम घड्याळांची एक सामाईक चौकट करते. ड्रायव्हर स्वतः दाराला हात लावीत नाही. तो मागणी नोंदवतो. चौकट मोजणी ठेवते. पहिली मागणी आली की दार उघडते, त्याच्या वरची वितरिका बंद असेल तर आधी ती उघडते, तिच्या वरचा कालवाही. शेवटचा मागणारा 'झाले' म्हणेल तेव्हाच दार मिटते.

ही व्यवस्था एका दिवसात झाली नाही. ड्रायव्हरने घड्याळ कोणत्या शब्दांत मागावे याचा एक समान करार २००४ च्या सुमारास एआरएम चिपांसाठी आला होता. परंतु करार एक असला तरी प्रत्येक चिप-कुटुंबाने आतली अंमलबजावणी स्वतंत्र केली होती. 'घड्याळ' या वस्तूची व्याख्याच प्रत्येकाची निराळी. परिणाम असा, की दोन कुटुंबांच्या चिपांवर चालेल असा एकच गाभा तयार करणे अशक्य होऊन बसले. २०११ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्याबद्दल उघडपणे आणि कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. आवराआवर सुरू झाली, आणि माइक टर्केट यांच्या पुढाकाराने तयार झालेली सामाईक चौकट मे २०१२ मध्ये आलेल्या ३.४ या आवृत्तीत दाखल झाली. टोरवाल्ड्स यांची भाषा अनेकांना खुपते, ती मलाही नेहमी रुचत नाही. पण या बाबतीत त्यांचा राग सार्थ होता असेच म्हटले पाहिजे.

या करारातील एक बारकावा नीट समजून घेण्यासारखा आहे. दार उघडण्याची क्रिया दोन टप्प्यांत विभागलेली आहे. पहिला टप्पा 'प्रिपेअर', म्हणजे सिद्धता. दुसरा 'एनेबल', म्हणजे प्रत्यक्ष उघडणे. एकाच कामाचे दोन तुकडे कशाला, असे नवशिक्याला वाटते. कारण असे, की काही घड्याळे तत्काळ सुरू होत नाहीत. पीएलएलला ताल धरून स्थिर व्हायला अवधी लागतो. काही वेळा घड्याळ देणारी चिप वेगळीच असते आणि तिला दोन तारांच्या मंद वाटेने निरोप धाडावा लागतो. तेवढा वेळ थांबणे, गाभ्याच्या भाषेत झोपणे, भाग असते. पण ड्रायव्हरचा काही भाग इंटरप्टमध्ये चालतो, आणि तिथे झोपण्यास सक्त मनाई आहे. दारावरची घंटा वाजली असताना दार उघडायला गेलेला माणूस उंबरठ्यावरच पेंगला तर घरातले सगळे व्यवहार थांबतील. म्हणून वेळ खाणारे काम सिद्धतेच्या टप्प्यात उरकायचे आणि इंटरप्टमध्ये फक्त झटपट उघडझाप करायची. बंद करताना क्रम उलटा : आधी दार मिटायचे, मग सिद्धता मोडायची.

कागदावर हे इतके सरळ आहे की यात चूक कशी होते, असा प्रश्न पडावा. चुका होतात, आणि त्यांतली सर्वांत फसवी चूक म्हणजे न मागताच पाणी मिळणे. संगणक सुरू होताना गाभ्याच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो आपल्या सोयीने बरीच दारे उघडून ठेवतो. एखाद्या ड्रायव्हरने घड्याळ मागितलेच नाही तरी उपकरण चालते, कारण दार आधीच उघडे असते. लेखकाला वाटते, काम फत्ते. परंतु सगळे ड्रायव्हर जागेवर बसले की गाभा शेवटी एक फेरी मारतो आणि ज्या दारांसाठी कोणाचीच मागणी नोंदलेली नाही ती मिटून टाकतो. त्या क्षणी ते उपकरण निपचित पडते. पडदा काळा होतो, किंवा सगळे यंत्रच गोठते. कारण ठोका बंद असलेल्या उपकरणाचे रजिस्टर वाचायला गेले तर काही चिपांत उत्तर कधीच येत नाही, आणि विचारणारा प्रोसेसर वाट पाहत जागच्या जागी अडकतो. २०१४ साली याच मुद्द्यावर गाभ्याच्या कर्त्यांत मोठा वाद झाला होता. सुरुवातीच्या प्रोग्रॅमने लावून दिलेला पडदा तसाच वापरणाऱ्या एका साध्या ड्रायव्हरने घड्याळे स्वतः मागावीत की नाहीत, असा तो वाद. मागावीत, हा पक्ष टिकला, आणि तोच योग्य होता.

गाभ्याला सुरू करतानाच 'न मागितलेली दारे मिटू नकोस' अशी आज्ञा देता येते. रोग ओळखण्यासाठी ती उत्तम आहे : आज्ञा दिल्यावर यंत्र चालले तर समजावे की कोणीतरी मागणी नोंदवायला विसरला आहे. पण पुष्कळ ठिकाणी तीच औषध म्हणून कायमची ठेवून दिलेली मी पाहिली आहे. थर्मामीटर काखेत ठेवून ताप उतरत नाही.

वारंवारतेचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि इथे मला आमच्या कामातली एक घटना सांगायची आहे. खेड्यांतील दूध संकलन केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सकाळ-संध्याकाळ रांग लागते, काट्यावर दूध मोजले जाते, फॅट तपासले जाते, आणि त्या दोन आकड्यांवर शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात. अशाच एका केंद्रावरील यंत्र तपासायला आम्हांला बोलावले होते. यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वजनकाटा तारेने नियंत्रकाला जोडलेला होता आणि सेकंदाला ९६०० बिट या वेगाने वजन कळवीत होता.

तक्रार आणली होती एका बाईने. तिच्या घरी एकच म्हैस, आणि रोजची भरणी ठरलेली. एका संध्याकाळी तिच्या पावतीवर जवळजवळ दुप्पट दूध लागले. ती पावती घेऊन चिटणिसांकडे गेली आणि म्हणाली, हे माझे नाही. ज्याचे असेल त्याला कमी लागले नसेल ना, ते बघा. नोंदी चाळल्यावर आढळले की तिच्या आधीच्या माणसाचे वजन आणि तिचे वजन अगदी ग्रॅमपर्यंत एकच होते. त्याच्या पावतीत काही उणे नव्हते. पण तिच्या मागून आलेल्या चौघांच्याही पावतीवर तोच आकडा होता, आणि त्यांपैकी दोघांचे दूध प्रत्यक्षात त्याहून अधिक असल्याचे त्यांच्या रोजच्या नोंदींवरून दिसत होते.

वीज गेली की नियंत्रक बॅटरीवर जाई आणि बॅटरी पुरावी म्हणून चिपच्या एका मुख्य घड्याळाचा वेग निम्मा केला जाई. तारेच्या संपर्काचा ठोका त्याच घड्याळातून निघत होता. त्याच्या ड्रायव्हरने यंत्र सुरू होतानाच एकदा विचारून घेतले होते : वेग किती? उत्तर, २४ मेगाहर्ट्झ. प्रत्येक बिटासाठी सोळा ठोके या हिशेबाने २,४०,००,००० ला १६ ने आणि ९६०० ने भागले की १५६.२५ येतात, जवळची पूर्ण संख्या १५६. प्रत्यक्ष वेग ९६१५ पडतो, म्हणजे चूक हजारात दोनाहूनही कमी. एका अक्षराचे दहा बिट वाचेपर्यंत एवढी चूक सहज खपते. हा १५६ चा भाजक ड्रायव्हरने लिहून ठेवला आणि पुन्हा कधी विचारले नाही. घड्याळ १२ मेगाहर्ट्झवर उतरले तेव्हा तोच भाजक ४८०८ चा वेग देऊ लागला. काटा ९६०० ने बोलत होता, ऐकणारा त्याच्या निम्म्या वेगाने ऐकत होता. जे ऐकू येई ते निरर्थक असल्यामुळे वरचा प्रोग्रॅम ते टाकून देई, आणि नवा आकडा मिळाला नाही म्हणून जुनाच पडद्यावर ठेवी.

यात दोन दोष आहेत. दुसरा, म्हणजे शिळा आकडा ताजा म्हणून छापणे, हा मला अधिक गंभीर वाटतो, आणि तो घड्याळाच्या विषयाबाहेरचा आहे. पहिल्यावर उपाय गाभ्यात तयार आहे. कोणत्याही घड्याळाचा वेग बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर सूचना मिळावी अशी नोंद ड्रायव्हरला करता येते. बदलापूर्वीच्या सूचनेला तो नकारही देऊ शकतो; मग बदल रद्द होतो. आम्ही याहून साधा मार्ग घेतला. त्या चिपमध्ये तारेच्या संपर्काला थेट स्फटिकाकडून ठोका घेण्याची वाट होती, ती निवडली. मुख्य घड्याळ कितीही खालीवर झाले तरी स्फटिक हलत नाही. शिवाय शिळ्या आकड्यावर पावती निघू नये अशी दुरुस्ती वरच्या प्रोग्रॅममध्ये करून घेतली. मागच्या पावत्यांचा हिशेब केंद्राने कसा मिटवला तो त्यांचा कारभार. त्या बाईने जास्तीचे पैसे परत केले, एवढे मला ठाऊक आहे.

वेग मागण्याविषयीही असाच विवेक लागतो. ड्रायव्हरने एखादा वेग मागितला म्हणून तोच मिळेल असे नाही. विभाजकातून जेवढे जमते तेवढे मिळते. म्हणून मागण्यापूर्वी 'यातला किती देता येईल' असे विचारण्याची सोय आहे, आणि मागून झाल्यावर प्रत्यक्षात किती मिळाले ते वाचलेच पाहिजे. उत्तर शून्य आले तर त्याने भागाकार करू नये, हेही सांगून ठेवतो. ध्वनीचे उदाहरण घ्या. संगीताच्या तबकडीतील आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, चित्रफितीतील बहुधा ४८,००० चा. ध्वनिचिपला याच्या २५६ पट ठोका हवा असेल तर एकाला ११.२८९६ आणि दुसऱ्याला १२.२८८ मेगाहर्ट्झ लागतात. या दोन संख्यांचे गोत्र जुळत नाही. एकाच पीएलएलमधून एकाच वेळी दोन्ही नेमक्या काढणे बहुधा साधत नाही. एक गाणे वाजत असताना दुसऱ्या ड्रायव्हरने वरच्या घड्याळाचा वेग बदलला तर पहिल्याचा सूर चढतो किंवा उतरतो. बडोद्याच्या श्रोत्यांना ते लगेच खटकेल. २०१८ सालापासून ड्रायव्हरला 'माझे काम होईपर्यंत हा वेग कोणी हलवू नये' असे सांगता येते. हा हक्क जपून वापरावा. एकाने अडवून धरले की बाकीच्यांचे अडते.

घड्याळ मागायला गेल्यावर कधी 'नंतर ये' असेही उत्तर मिळते, कारण घड्याळ देणारा ड्रायव्हरच अजून उठलेला नसतो. हे उत्तर म्हणजे नकार नव्हे, आणि 'घड्याळ नाही' असाही त्याचा अर्थ नव्हे. आपणही तेच उत्तर वर कळवून बाजूला व्हावे. गाभा पुन्हा बोलावतो.

अलीकडच्या काळात सोयी वाढल्या आहेत. मिळवलेले घड्याळ ड्रायव्हर जाताना आपोआप परत करण्याची व्यवस्था पूर्वीपासून होती. २०२२ मध्ये मिळवणे, सिद्ध करणे आणि उघडणे हे सर्व एकाच मागणीत करून शेवटी आपोआप मिटण्याचीही व्यवस्था आली. अर्ध्या वाटेत चूक झाली तर उघडे राहिलेले दार मिटायला विसरणे, हा जुना रोग त्यामुळे बराच हटला. पण यालाही एक अट आहे. आपोआप होणारी आवराआवर मिळवण्याच्या उलट क्रमाने होते. लेखकाने इंटरप्ट आपोआप सुटेल असा घेतला आणि घड्याळ मात्र निरोपाच्या वेळी स्वतःच्या हाताने आधी मिटले, तर मधल्या क्षणी इंटरप्ट आला की तो ठोका नसलेल्या उपकरणाचे रजिस्टर वाचायला जातो. पुढे काय होते ते मघाशी सांगितले. हा दोष वर्षानुवर्षे दिसत नाही, कारण ड्रायव्हर काढून टाकण्याची वेळच क्वचित येते. अर्धे हाताने आणि अर्धे आपोआप, असा संसार करू नये. तसेच उपकरण थोडा वेळ रिकामे असताना त्याला झोपवण्याची जी व्यवस्था गाभ्यात आहे तिच्याशी घड्याळाची उघडझाप बांधून टाकावी. नाहीतर मोजणी दोन वह्यांत होते आणि ताळा जमत नाही.

ही मोजणी उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तपासणीसाठी गाभा एक तक्ता देतो. त्यात प्रत्येक घड्याळ त्याच्या वरच्या घड्याळाखाली थोडे आत सरकवून लिहिलेले असते, आणि पुढे किती जणांनी उघडले, किती जणांनी सिद्ध केले, आणि सध्याचा वेग हर्ट्झमध्ये. हा तक्ता वाचता येऊ लागला की अर्धे काम झाले असे मी नव्या मुलांना सांगतो. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक छोटा संगणक आज मांडून ठेवला आहे. पडद्यावर तोच तक्ता दिसेल. शेजारी तारेचा संपर्क आहे. तो उघडला की तक्त्यातला शून्य एक होतो, त्याच्या वरच्या ओळीतलाही, आणि त्याच्याही वरच्या. चहापानानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. दहावीच्या मुलांना आधी जागा द्यावी, एवढी माझी विनंती आहे.